काचेच्या भांड्यातील कबरस्तान

आम्ही आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहीत आहोत, हे आरंभीच सांगितलेले बरे. ज्या गोड पदार्थाविरुद्ध आज लेखणी उचलावी लागत आहे, तो आम्ही उभयतांनी स्वतःच्या हातांनी केला आहे, चाखला आहे आणि, लपवून काय उपयोग, वाटी पुढे करून पुन्हा मागूनही घेतला आहे. तेव्हा 'यांना त्यातले काय ठाऊक?' असा आक्षेप तरी वाचकांनी घेऊ नये.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मुलाच्या घरी होतो. मेपलची पाने तांबडी होऊन गळू लागली होती. वसईच्या माणसाला पानगळ म्हणजे काय ते अशा मुलखात गेल्यावरच उमगते. आपल्याकडे त्या दिवसांत भातकापणी चाललेली असते आणि दुपारी अंगाची काहिली होते. तेथे मात्र संध्याकाळ लवकर उतरत होती, घरोघरच्या ओट्यांवर कोरलेले भोपळे मांडले होते, हिरवळीवर थर्माकोलची थडगी रोवली होती आणि झाडांना प्लास्टिकचे सांगाडे टांगले होते. ३१ ऑक्टोबरला आमच्या नऊ वर्षांच्या नातीच्या मैत्रिणी मेजवानीला येणार होत्या. त्या मेजवानीचे मुख्य पक्वान्न म्हणजे 'ग्रेव्हयार्ड पुडिंग', कबरस्तानाचे पुडिंग. सून नोकरीवर, मुलगा नोकरीवर. ते करण्याचे काम साहजिकच आजी-आजोबांकडे आले.

कृती सांगितल्याविना आमचे म्हणणे नीट कळणार नाही, म्हणून ती सांगतो. आधी काळी चॉकलेट बिस्किटे घ्यावयाची. ही बिस्किटे, ओरिओ त्यांचे नाव, १९१२ साली न्यू यॉर्क शहरात प्रथम निघाली आणि २०११ पासून आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानातही आली, म्हणून त्यांचे वर्णन करण्याचे कारण नाही. ती पिशवीत घालून लाटण्याने ठेचावयाची. हे काम नातीने मोठ्या हौसेने केले. 'अगदी पीठ करू नकोस, आजी, थोडी ढेकळे राहू देत, म्हणजे खरी माती वाटते,' अशी तिची सूचना होती. मग सव्वादोनशे ग्रॅम क्रीम चीज, थोडे लोणी आणि पिठीसाखर एकत्र फेटावयाची. दुसरीकडे साडेतीन कप थंड दुधात झटपट पुडिंगच्या दोन पाकिटांतील पूड ढवळावयाची. चूल लागत नाही, पाच मिनिटांत दूध घट्ट होते. दोन्ही मिश्रणे एक करून त्यांत फेटलेले क्रीम हलक्या हाताने मिसळले की थर लावण्यास प्रारंभ. इंग्रजांच्या ट्रायफलसाठी वापरतात तसे उभ्या भिंतींचे काचेचे खोल भांडे घ्यावयाचे, कारण थर बाहेरून दिसले पाहिजेत. तळाशी काळा चुरा, त्यावर पुडिंग, पुन्हा चुरा, पुन्हा पुडिंग, आणि सर्वांत वर चुऱ्याची जाड माती. ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावयाचे.

खरी कारागिरी दुसऱ्या दिवसाची. लांबट, गोल माथ्याची बिस्किटे त्या मातीत अर्धी खोचावयाची, ती थडगी. क्रीमचे उभे गोळे काढून त्यांना चॉकलेटचे दोन डोळे लावावयाचे, ती भुते. साखरेचे इवलेसे नारिंगी भोपळे कडेने मांडावयाचे आणि जिलेटिनच्या रंगीबेरंगी अळ्या मातीतून अर्ध्या बाहेर डोकावतील अशा खुपसावयाच्या. जाता जाता सांगतो, जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात. म्हणजे त्या साऱ्या देखाव्यात खरोखर हाडामांसाचे जर काही असेल तर त्या अळ्याच. हे आम्ही नातीस सांगितले नाही.

शेवटी थडग्यांवर आयसिंगने अक्षरे काढण्याची वेळ आली. बारा बिस्किटे होती. नातीने बाराही बिस्किटांवर तीच तीन अक्षरे काढली: आर. आय. पी. आम्ही तिला विचारले, 'याचा अर्थ काय ग?' ती म्हणाली, 'ते थडग्यावर असतेच ना, आजोबा.' तिचे वडील तेवढ्यात कामावरून आले होते. आमच्याच धर्मग्रामात बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेला हा गृहस्थ म्हणाला, 'रेस्ट इन पीस. कोणी मेले की लिहितात.' आमची खंत अशी की त्या क्षणी आम्हीही त्याला दुरुस्त केले नाही. पुडिंगवर आमचे लक्ष होते.

ती तीन अक्षरे म्हणजे प्रार्थना आहे. मूळ लॅटिन शब्द मृताला उद्देशून नाहीत. 'त्याला शांतीने विसावा मिळो' असे ते देवाजवळ मागणे आहे. मृतासाठी मिस्सा संपताना धर्मगुरू ते शब्द म्हणत आणि लोक आमेन म्हणत. ज्याच्यासाठी ते मागावयाचे तो कोणी तरी असावा लागतो. त्याला नाव असते, गाव असते, त्याच्या मागे रडणारे असतात. आमच्या भांड्यात बारा थडगी होती आणि त्यांच्याखाली कोणीही नव्हते. बारा वेळा विनंती लिहिली गेली आणि ती कोणासाठी, हे लिहिणारीला, लिहवून घेणाऱ्यांना आणि खाणाऱ्यांना, कोणालाच ठाऊक नव्हते. आमचे भांडण एवढ्यावरच आहे. पण ते भांडण नीट मांडावयाचे तर आधी दुसऱ्या एका मंडळींना बाजूला सारले पाहिजे.

ही मंडळी दरवर्षी ऑक्टोबर अखेरीस जागी होतात. मोबाइलवर त्यांचे निरोप फिरू लागतात: हॅलोविन हा सैतानाचा वाढदिवस आहे, त्या दिवशी भोपळा कोरणारा आपला आत्मा विकतो, ते पुडिंग खाणाऱ्या मुलांवर अशुभाची सावली पडते. पुढे दहा जणांना पाठवा. अशा निरोपांनी भाविकांच्या मनात भय उत्पन्न होते आणि विचार थांबतो. हॅलोविन या शब्दाचा अर्थ सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या एवढाच आहे. पोप चौथे बोनिफेस यांनी सातव्या शतकाच्या आरंभी रोममधील पँथिऑन हे जुने देवालय पवित्र मरिया आणि सर्व हुतात्मे यांना अर्पण केले, तो दिवस १३ मे होता. पुढे आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी संत पेत्राच्या महामंदिरात सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनालय उभारले. नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा दिवस पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत रूढ झाला. क्लूनीच्या मठाचे अधिपती संत ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृत श्रद्धावंतांसाठी नेमून दिला. आयर्लंडच्या जुन्या केल्टिक लोकांचा हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा सामन हा उत्सव त्याच सुमारास असे, हे खरे. त्यातील काही चालीरीती या संध्याकाळला चिकटल्या असतील. सणांना जुन्या चालीरीती चिकटतातच. आपल्या लग्नातील हळद कोठून आली, हे या निरोप पाठवणाऱ्यांनी स्वतःच्या आजीला विचारावे.

तर ही संध्याकाळ आपलीच होती. आणि ती पुडिंगची नव्हती. १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या उपवासाच्या दिवसांत गणली होती. ज्या ३१ ऑक्टोबरला आज आपण काचेच्या भांड्यांची रांग लावतो, त्या दिवशी नियमाप्रमाणे एकच भरपेट जेवण आणि मांस वर्ज्य असे. १९५५ साली उपासनेच्या पंचांगाची छाटणी झाली तेव्हा ही पूर्वसंध्या आणि सणानंतरचा अष्टाहही काढून टाकण्यात आला. कारणे योग्य होती, पंचांगात गर्दी फार झाली होती. पण घर रिकामे झाले की भाडेकरू येतोच. अमेरिकेत युद्धकाळातील साखरेचे रेशनिंग १९४७ मध्ये उठले होते आणि मुलांनी दारोदार जाऊन गोळ्या मागण्याची चाल नव्या वसाहतींतून जोमाने पसरत होती. आपण जागा सोडली आणि मिठाईवाल्यांनी ती धरली. यात सैतानाला कोठे काम करावे लागले, ते आम्हांला दिसत नाही.

आता दुसऱ्या बाजूची मंडळी. ही सुशिक्षित आहेत, प्रेमळ आहेत, आमच्याच घरात राहतात. त्यांचे म्हणणे असे की मुलांची गंमत आहे, त्यात एवढे काय? मेलेल्यांच्या दिवशी गोडधोड करणे जर चुकीचे असेल, तर मग जगभरचे कॅथॉलिक चुकले म्हणावयाचे काय? हा प्रश्न खरोखर वजनदार आहे आणि त्याचे उत्तर देताना आम्हांला त्यांचाच पक्ष काही काळ घ्यावा लागतो.

कारण मृतांची आठवण आणि गोड पदार्थ यांची गाठ फार जुनी आहे. संत ऑगस्टिन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या सहाव्या भागात आपली आई मोनिका हिची एक गोष्ट नोंदवली आहे. आफ्रिकेतील आपल्या गावच्या रीतीप्रमाणे ती मिलान शहरातही संतांच्या समाधिस्थानी पिठाचा गोड पदार्थ, भाकर आणि द्राक्षारस टोपलीत घालून घेऊन गेली. द्वारपालाने तिला अडवले. बिशप अँब्रोज यांनी ही चाल बंद केली होती. एक तर तेथे लोक पिऊन झिंगत, आणि दुसरे, ती परधर्मीयांच्या पितरांच्या सणासारखी दिसे. मोनिका रागावली नाही. ज्या टोपलीत पक्वान्न असे ती टोपली तिने रिकामी केली, जे देण्यासारखे होते ते गरिबांना दिले आणि स्मरण वेदीवर ठेवले. पुढे ३८७ साली ऑस्तिया बंदरात मरणशय्येवर असताना तिने मुलांजवळ मागितले ते हेच: देह कोठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण करा.

मध्ययुगीन इंग्लंडात ही टोपली वेगळ्या रूपाने पुन्हा भरली. १ आणि २ नोव्हेंबरला घरोघर छोट्या मसालेदार गोड वड्या भाजीत. 'सोल केक', आत्म्यांच्या वड्या. गोरगरीब आणि मुले दारात येत, वडी घेत आणि त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत. व्यवहार सरळ होता: वडी आमची, प्रार्थना तुमची, लाभ आमच्या आजोबांचा. धर्मसुधारणेच्या काळात तेथे मृतांसाठी प्रार्थना करणेच बंद पडले. वड्या मात्र पुढे कित्येक पिढ्या भाजल्या जात राहिल्या, चेशायरसारख्या परगण्यांत तर एकोणिसाव्या शतकापर्यंत. देवाणघेवाणीतील एक बाजू गळून पडली आणि मागणे तेवढे उरले. न्यू जर्सीतील आमच्या दारात पिशव्या पसरून उभ्या राहिलेल्या मुलांची थेट वंशावळ त्या वड्यांशी जोडता येते असा आमचा दावा नाही. पण त्या मुलांकडे पाहताना आम्हांला राहून राहून त्याच गळून पडलेल्या अर्ध्या भागाची आठवण होत होती.

पोर्तुगालमध्ये १ नोव्हेंबरच्या सकाळी मुले कापडी पिशव्या घेऊन 'देवाच्या नावे भाकर' मागत फिरतात. इटलीत 'मृतांची हाडे' या नावाची कडक बिस्किटे करतात. सिसिलीत बदामाच्या लगद्याची हुबेहूब फळे, आणि ती घरातील मेलेल्या आजी-आजोबांनी रात्री येऊन ठेवली असे मुलांना सांगतात. मेक्सिकोची तऱ्हा तर अधिकच धीट. तेथे मृतांच्या दिवसांत पावावर कणकेचीच हाडे आडवीतिडवी लावतात, साखरेच्या कवट्या करतात, आणि ज्या झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही त्याच झेंडूच्या पाकळ्यांची वाट घरापर्यंत अंथरतात. झेंडू मूळचा तेथलाच. साखरेची कवटी आणि बिस्किटाचे थडगे यांत भयानकपणाच्या मापाने पाहिले तर कवटीच सरस ठरेल. तरीही आमचा आक्षेप कवटीवर नाही. त्या कवटीच्या कपाळावर बहुधा नाव लिहिलेले असते. तिच्या शेजारी कोणाचा तरी फोटो असतो, त्याला आवडणारे जेवण असते, मेणबत्ती असते. घरातील पोराला विचारले तर ते सांगते, ही माझी आत्या, तिला हे आवडे.

म्हणजे गोड पदार्थ निर्दोष, हाडे निर्दोष, हसणेही निर्दोष. मरणाला वाकुल्या दाखविण्याचा अधिकार संत पौलाने आपल्याला करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्याच पत्रात दिला आहे. पण पौल मरणावर हसतो तो कोणी एक जण खरोखर उठला या आधारावर. आमच्या भांड्यातील थडग्यातून अळ्यांखेरीज कोणी उठणार नव्हते.

हे सारे अमेरिकेतच राहिले असते तर आम्ही इतका शाईचा खर्च केला नसता. त्यांचा देश, त्यांचे भोपळे. परंतु २०२४ च्या ३१ ऑक्टोबरला सायंकाळी आम्ही आमच्याच धर्मग्रामाच्या सभागृहात पाऊल टाकले आणि तेच भांडे समोर दिसले. एक नव्हे, प्लास्टिकच्या लहान पारदर्शक पेल्यांत वाटलेली दीडशेच्या वर कबरस्ताने. तीच काळी माती, तीच अळी, आणि प्रत्येक पेल्यात एक बिस्किट, त्यावर तीच तीन अक्षरे. युवक मंडळाच्या मुलामुलींनी दोन रात्री जागून ते केले होते. त्यांच्या कष्टांबद्दल आमच्या मनात आदरच आहे. थर इतके रेखीव होते की आमचे न्यू जर्सीचे भांडे त्यापुढे लाजले असते.

रांगेत आमच्या पुढे एक मुलगा होता. वय दहाच्या आसपास. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्याचे वडील गेले. दफनाच्या वेळी खड्ड्यात पाणी साचत होते आणि ते बादलीने उपसावे लागले, हे आम्हीही पाहिले होते आणि त्यानेही. त्यांच्या कबरीवर अद्याप दगड बसलेला नव्हता. लाकडी क्रूस आणि त्यावर रंगाने लिहिलेले नाव एवढेच होते. मुलाने पेला हातात घेतला, पाहिला आणि वाढणाऱ्या ताईला हळूच विचारले, 'हे नसलेला आहे का?' ती हसून म्हणाली, 'बिस्किट आहे रे, खा, गोड आहे.' तिला काही माहीत नव्हते आणि तिच्या मनात काही वाईटही नव्हते. मागून मुले ढकलत होती. तो पेला घेऊन बाजूला गेला. त्याने बिस्किट उपटून काढले, चुरा झटकला आणि थोडा वेळ ते नुसते हातात धरून उभा राहिला. मग खाल्ले. तसे केले नसते तर बरोबरीच्या मुलांनी विचारले असते.

आम्ही घरी येऊन बराच वेळ काही बोललो नाही.

'आता एका मुलासाठी सगळ्या मुलांची गंमत बंद करावयाची काय?' असे आम्हांला विचारण्यात आले आहे. प्रश्न विचारणाऱ्यांनी धर्मग्रामाची मृत्युनोंदवही उघडून पाहावी. एका वर्षात किती घरांत माणूस गेला आणि त्या घरांत किती लहान मुले आहेत, ते मोजावे. तो मुलगा एकटा नाही. तो रांगेत आमच्या पुढे होता म्हणून आम्हांला दिसला इतकेच. आणि कोविडच्या दोन वर्षांत ज्यांना आपल्या माणसाच्या दफनालाही जाता आले नाही, ज्यांनी पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह दुरून पाहिला, ती मुले आज कॉलेजात आहेत आणि यातील काहींनी त्या दोन रात्री जागून बिस्किटांवर अक्षरेही काढली असतील. २०२० साली रोमने कबरस्तानभेटीचे इंडल्जन्स, जे एरवी १ ते ८ नोव्हेंबरपर्यंत मिळते, ते सबंध नोव्हेंबर महिनाभर वाढवून दिले होते. गर्दी न करता प्रत्येकाला आपल्या माणसाच्या कबरीपाशी जाता यावे म्हणून. किती जण गेले?

दुसरा एक युक्तिवाद असा ऐकू येतो की यामुळे मुलांची मरणाची भीती जाते. हे आम्हांला उलटे वाटते. मुलांना मरणाची ओळखच होत नाही, म्हणून भीती जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आमच्या लहानपणी मयत घरात ठेवीत, रात्रभर जपमाळ चाले, आम्ही पोरे कोपऱ्यात पेंगत असू आणि सकाळी तिरडीपाठोपाठ चालत असू. २ नोव्हेंबरच्या आदल्या दिवशी विळे-फावडी घेऊन कबरीवरचे गवत काढावयाचे, चुना लावावयाचा, आणि आजी प्रत्येक कबरीपाशी सांगे: ही तुझी पणजी, ही बाळंतपणात गेली, हा तुझ्या बापाचा धाकटा भाऊ, तापाने गेला, फार गोड गाणारा होता. भुताची भीती आम्हांला विहिरीपाशी वाटे, चिंचेखाली वाटे. कबरस्तानात कधी वाटली नाही. तेथे सगळी ओळखीची माणसे होती.

आणि थरांचेच म्हणाल, तर थर आपल्या कबरस्तानातही आहेत. मुंबई-वसईच्या दाटीत प्रत्येकाला कायमची कबर कोठून मिळणार? काही वर्षांनी तीच कबर उघडतात, आधीच्याची हाडे गोळा करून एका बाजूस किंवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि नव्या देहाला जागा करतात. आजोबांच्या हाडांशेजारी आजी, तिच्यावर काका. ती माती काचेतून दिसत नाही, पण तिच्यातील थर न् थर नावाने सांगता येतो, निदान आजवर येत होता. पुढच्या पिढीला तो सांगता येईल काय, हा प्रश्न घेऊन आम्ही भांडत आहोत. यंदा २ नोव्हेंबरला धर्मगुरू कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात तेव्हा वाचकांनी सहज मोजून पाहावे, किती कबरींपाशी मेणबत्ती लावणारे हात दहा-बारा वर्षांच्या मुलांचे आहेत.

थोडे विषयांतर करून गोव्याच्या बेबिंकाविषयी बोलण्याचा मोह आवरत नाही, कारण थरांच्या पक्वान्नांत ती आपली घरची. अंड्यांचा पिवळा बलक, नारळाचे दूध, साखर, मैदा आणि तूप. सात थर, हौस असेल तर सोळा. एक थर ओतावयाचा, झाकणावर निखारे ठेवून तो वरून भाजावयाचा, त्यावर तूप सोडावयाचे, मग दुसरा. घाई केली की थर एकमेकांत मिसळतात आणि सगळे मुसळ केरात. २०२३ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, हे चांगले झाले. आमची एक गोव्याची विहीण बेबिंका करावयास बसली की अख्खी दुपार निखाऱ्यांपाशी जाई आणि त्या दुपारी ती घरातील गेलेल्यांच्या गोष्टी सांगत असे; दुसरे करण्यासारखे काही नसेच. झटपट पुडिंग पाच मिनिटांत घट्ट होते. त्या पाच मिनिटांत कोणाची गोष्ट सांगणार?

मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचकांनी पुन्हा उघडून पाहावा. लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांसाठी यहूदाने माणसागणिक वर्गणी गोळा केली, रुप्याची दोन हजार नाणी जमली, ती त्याने यरुशलेमला पापार्पणासाठी पाठविली. प्रोटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये हे पुस्तक नाही. आपल्या बायबलमध्ये आहे, आणि मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या आपल्या रीतीला त्याचा मोठा आधार आहे. ज्या गोष्टीसाठी चारशे-पाचशे वर्षे आपण वाद घातले, ती गोष्ट आपण आपल्याच सभागृहात आयसिंगने लिहितो आणि तिचा अर्थ मुलांना सांगत नाही. सैतानाच्या गोष्टी पुढे धाडणाऱ्यांना आणि गंमत म्हणणाऱ्यांना आम्ही एकदमच विचारतो: या दोघांपैकी कोणी गेल्या नोव्हेंबरात एखाद्या मुलाचा हात धरून त्याला कबरस्तानात नेले काय?

नुसता निषेध करून आम्ही थांबलेलो नाही. पॅरिश कौन्सिलकडे आम्ही उभयतांच्या सहीचा अर्ज दिला आहे. ३१ ऑक्टोबरला सभागृह मुलांसाठी खुले राहू द्या. पुडिंगही होऊ द्या. बिस्किटे ठेचावयास आम्ही येतो, आता हात बसला आहे. मात्र त्याआधीच्या आठवड्यात धर्मशिक्षणवर्गाच्या मुलांनी कापडी पिशव्या घेऊन आपापल्या वाडीत फिरावे आणि प्रत्येक घरातून एका मृताचे नाव व त्याच्याविषयीची एक गोष्ट आणावी. घरवाल्यांनी त्यांच्या हातावर काही गोड ठेवावे. बिस्किटांवर ती नावे लिहावीत, आणि त्याच नावांची यादी २ नोव्हेंबरला वेदीवर ठेवावी. भुते काढावयाची तर काढा, त्यांवर आमचा राग नाही. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेला असेल तेथे आधी मोठ्यांनी जाऊन विचारावे. नको म्हणाले तर नाव घेऊ नये, आणि त्या मुलासाठी साधा पेला बाजूला ठेवावा. त्या मुलाच्या आईला आम्ही विचारले आहे. तिने दोन दिवस मागून घेतले आणि मग कागदावर नाव लिहून दिले, बाप्तिस्म्याचे आणि घरी हाक मारावयाचे, दोन्ही.

कौन्सिलच्या सभेत एका सदस्याने शंका काढली: नाव लिहिलेले बिस्किट खावयाचे कोणी? आम्ही म्हटले, ज्याच्या हाती येईल त्याने, आणि खाण्याआधी त्या नावासाठी एक 'हे आमच्या बापा' म्हणावी. हे काही जणांना पटले, काहींना विचित्र वाटले. निर्णय पुढील सभेवर गेला आहे.